रोग की जस्ताची कमतरता? खात्री करण्याची साधी पद्धत आणि तिच्यामागचा इतिहास

भाताची लावणी होऊन दोन-तीन आठवडे झाले की काही बांध्यांत खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके दिसू लागतात. रोपे बसून राहतात, फुटवे निघत नाहीत. अशा वेळी बहुतेक जण पान उपटून दुकानात दाखवतात आणि बुरशीनाशक घेऊन येतात. मागे एकदा खरिपात पूर्व विदर्भातील एका शेतकऱ्याच्या बांधीवर गेलो, तेव्हा त्यांच्या दोन फवारण्या होऊन गेल्या होत्या आणि पीक होते तिथेच होते. बुरशी नव्हतीच, जमिनीत उपलब्ध जस्त (झिंक) कमी होते. औषधाचे पैसे गेले ते गेलेच. त्याहून मोठे नुकसान म्हणजे फुटवे येण्याचे दिवस वाया गेले, आणि ते कोणत्याही औषधाने परत येत नाहीत.

अशी गल्लत फक्त शेतकऱ्यांची होते असे नाही. जस्ताच्या बाबतीत शास्त्रज्ञांनाही अनेक वर्षे चकवा बसला होता. त्यातून ते कसे बाहेर आले हे समजून घेतले, तर तीच पद्धत आपल्याला स्वतःच्या शेतात वापरता येते.

धातू म्हणून जस्ताची ओळख

गोठ्यावरचा जस्ती पत्रा, जस्ती बादली, कुंपणाची तार यांमुळे जस्त आपल्या रोजच्या पाहण्यात आहे. लोखंड गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा थर दिलेला असतो. मात्र हा धातू शुद्ध स्वरूपात मिळवणे फार अवघड होते. खनिज कोळशासोबत तापवून जस्त सुटे करायला सुमारे १००० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त उष्णता लागते, पण जस्त ९०७ अंशांवरच उकळते. म्हणजे धातू तयार होताच त्याची वाफ होते आणि हवा लागताच त्या वाफेची पांढरी राख बनते. भट्टीत हाती काहीच उरत नाही.

राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथील कारागिरांनी यावर तोड काढली. वांग्याच्या आकाराची मातीची पात्रे खनिजाने भरून ती भट्टीत उलटी, तोंड खाली करून बसवत. वर आग आणि खाली थंड कप्पा. वाफ खाली उतरे आणि हवा लागण्याआधीच तिथे तिचे जस्त होई. एका भट्टीत अशी ३६ पात्रे लावलेली उत्खननात आढळली आहेत. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथातही जस्त काढण्यासाठी वांग्याच्या आकाराच्या मुशीचे वर्णन आहे. युरोपात विल्यम चॅम्पियन यांनी इंग्लंडमध्ये जस्त काढण्याच्या पद्धतीचे पेटंट १७३८ मध्ये घेतले, तर १७४६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआस मार्ग्राफ यांनी जस्त वेगळे करून त्याचे सविस्तर वर्णन केले.

पिकाला जस्त लागते हे उशिरा का कळले?

धातू हाती आला, तरी पिकाला तो लागतो हे कळायला आणखी पावणेदोनशे वर्षे गेली. याचे कारण असे. १८६० च्या सुमारास जर्मनीत झाक्स आणि क्नोप या शास्त्रज्ञांनी मातीशिवाय, फक्त क्षार विरघळवलेल्या पाण्यात रोपे वाढवली. त्यावरून पिकाला कोणती मूलद्रव्ये लागतात याची यादी तयार झाली. त्या यादीत जस्त नव्हते. मात्र प्रयोगातील रोपांना जस्त मिळतच होते. क्षारांतील भेसळीतून, पाण्यातून, भांड्यांतून. पिकाची गरजच इतकी थोडी की तेवढ्या मळावर ती भागत होती.

१८६९ मध्ये फ्रान्सच्या ज्यूल रॉलँ यांनी एका बुरशीला वाढीसाठी जस्त लागते हे दाखवले. वनस्पतींच्या बाबतीत निर्णायक पुरावा १९२६ मध्ये मिळाला. कॅलिफोर्नियात ॲना सॉमर आणि चार्ल्स लिपमन यांनी क्षार अतिशय काळजीपूर्वक शुद्ध करून त्यांत सूर्यफूल आणि बार्ली वाढवली. जस्त नसलेली रोपे खुरटली, जस्त दिलेली वाढली. दोन्हींत फरक होता तो एकाच गोष्टीचा.

जस्ती बादलीची गोष्ट

याच सुमारास अमेरिकेच्या दक्षिण भागात पेकान या अक्रोडाच्या कुळातील झाडांवर एक विकृती होती. शेंड्याची पाने बारीक राहत, पेरे आखूड होत आणि पानांचा गुच्छ बने. लोह कमी असावे असे समजून संशोधकांनी लोहाच्या सल्फेटचे द्रावण वापरून पाहिले. काही झाडे सुधारली, काही सुधारली नाहीत. औषध तेच, झाडे तीच, मग फरक कशाचा? शोध घेतल्यावर लक्षात आले, की जस्ती भांड्यात तयार केलेले द्रावणच गुण देत होते. आम्लधर्मी द्रावणात भांड्याचे जस्त विरघळत होते आणि झाडाला हवे होते ते नेमके तेच. हे निष्कर्ष १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅलिफोर्नियातील फळझाडांच्या ‘लहान पान’ विकृतीबाबतही असेच घडले. तिथे गुण आला तो लोहाच्या क्षारातील जस्ताच्या भेसळीमुळे.

पुढे १९३९ मध्ये आर्नन आणि स्टाउट यांनी मूलद्रव्य ‘आवश्यक’ ठरवण्याच्या तीन कसोट्या मांडल्या. ते नसेल तर पीक आपले जीवनचक्र पूर्ण करू शकत नाही, दुसरे कोणतेही मूलद्रव्य त्याची जागा घेऊ शकत नाही, आणि पिकाच्या वाढीत त्याचा प्रत्यक्ष सहभाग असतो. जस्त या तिन्ही कसोट्यांवर उतरते.

खैरा: आपल्या देशातील उदाहरण

उत्तर प्रदेशच्या तराई भागात (आजच्या उत्तराखंडातील पंतनगर परिसरात) भातावर ‘खैरा’ येत असे. पानांचा रंग खैराच्या कातासारखा होतो म्हणून हे नाव. पंतनगर कृषी विद्यापीठातील डॉ. यशवंत लक्ष्मण नेने हे वनस्पती रोगशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की खैरा जंतूमुळे नव्हे, तर जस्ताच्या कमतरतेमुळे होतो. जस्त सल्फेट आणि चुन्याच्या फवारणीने तो आटोक्यात आला. रोगाच्या अभ्यासकानेच ‘हा संसर्ग नाही’ असे पुराव्यानिशी सांगितले, हे आपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या शेतात कमतरता कुठे दिसते?

जस्त पिकातील अनेक विकरांचा भाग आहे. वाढ घडवणारे ऑक्सिन हे संजीवक पुरेसे राहण्यासाठीही ते लागते. म्हणूनच जस्त कमी पडले की पेरे आखूड आणि पाने बारीक होतात. पुढील ठिकाणी विशेष लक्ष द्यावे.

- चुनखडीयुक्त, जास्त सामू असलेल्या जमिनी. येथे एकूण जस्त असूनही ते पिकाला मिळत नाही.
- सपाटीकरणात वरची माती खरवडली गेलेले भाग.
- सतत पाणी साचून राहणाऱ्या भात बांध्या.
- वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त स्फुरद दिलेली शेते.

लक्षणे अशी दिसतात.

- भात: लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके, नवीन पानांच्या बुडाशी मध्यशीर फिकट, वाढ असमान.
- मका: कोवळ्या पानांवर मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट-पिवळे पट्टे.
- संत्रा, मोसंबी: नवी पाने लहान व अरुंद, शिरांलगत हिरवी आणि मधला भाग पिवळा.

नुसत्या लक्षणांवरून निर्णय घेऊ नये. चुनखडीच्या जमिनीत लोहाची कमतरताही नव्या पानांवर पिवळेपणा आणते. भातावरील करपा किंवा तपकिरी ठिपके या बुरशीजन्य रोगांशीही गल्लत होऊ शकते. त्यामुळे सरसकट फवारणीआधी पुढील चाचणी करावी.

चार ओळींची चाचणी

१. शेताच्या बाधित भागातील चार ओळी निवडून त्यांना खुणेच्या काठ्या लावा. शेजारच्या, तशाच दिसणाऱ्या चार ओळी तुलनेसाठी ठेवा.

२. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम जस्त सल्फेट घ्या. २५ ग्रॅम विरवलेला चुना वेगळ्या पाण्यात कालवून, गाळून त्यात मिसळा. प्लॅस्टिकचे भांडे वापरा. चुन्यामुळे द्रावणाची आम्लता कमी होते आणि पाने करपत नाहीत.

३. हे द्रावण पहिल्या चार ओळींवर सकाळी किंवा सायंकाळी फवारा. शेजारच्या ओळींवर फक्त साधे पाणी फवारा. त्याच वेळी दुसरे कोणतेही औषध किंवा खत देऊ नका. दोन गोष्टी एकदम केल्या तर गुण कशाचा आला ते कळणार नाही.

४. आठ-दहा दिवसांनी नवीन आलेली पाने पाहा. जुनी पाने सुधारत नाहीत. नव्या पानांत स्पष्ट फरक असेल तर कमतरता जस्ताची. फरक नसेल तर सहायक कृषी अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्राला नमुना दाखवून पुढचा निर्णय घ्या.

मात्र डाग झपाट्याने एका रोपावरून दुसऱ्यावर पसरत असतील, तर चाचणीच्या निकालाची वाट न पाहता लगेच तज्ज्ञांना दाखवावे.

कमतरता ठरल्यावर काय करावे?

- उभ्या पिकात वरील प्रमाणातच (०.५ टक्के जस्त सल्फेट + ०.२५ टक्के चुना) फवारणी करावी. गरजेनुसार १० ते १५ दिवसांनी पुन्हा करावी.
- पुढील हंगामाआधी माती परीक्षण करून घ्यावे. डीटीपीए पद्धतीने उपलब्ध जस्त दर किलो मातीत ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास हेक्टरी २० ते २५ किलो जस्त सल्फेट शेणखतात मिसळून जमिनीतून द्यावे. याचा परिणाम साधारण दोन-तीन हंगाम टिकतो, त्यामुळे ते दर हंगामात टाकण्याची गरज नसते.
- पिशवीवरील प्रमाण वाचावे. वरील मात्रा २१ टक्के जस्ताच्या सल्फेटसाठी आहे. ३३ टक्क्यांचे असल्यास त्या हिशेबाने कमी लागते. चिलेटेड झिंकचे प्रमाण वेगळे असते.
- जस्त सल्फेट डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये कालवून देऊ नये. स्फुरदामुळे त्याची उपलब्धता घटते.

आणि एक शेवटची काळजी. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी मातीचा नमुना जस्ती बादलीत किंवा जस्ती घमेल्यात गोळा करू नका. प्लॅस्टिकची बादली आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकची खुरपी वापरा. ज्या बादलीमुळे पेकानच्या झाडांमागचे कारण सापडले, तीच बादली तुमच्या नमुन्यात जस्त मिसळेल. मग अहवालात जमीन चांगली दिसेल आणि पीक मात्र उपाशी राहील.