आजींचा सुईदोरा

'होळी जळाली, थंडी पळाली' असे आपल्याकडे म्हणतात, आणि खानदेशात ही म्हण अक्षरशः खरी ठरते. माघात ज्या उन्हास आपण पाठ देऊन बसतो, त्याच उन्हास फाल्गुन सरता सरता पाठ दाखवून सावली गाठावी लागते. कपाशीच्या शेवटच्या वेचण्या झालेल्या असतात, हरभरा व गहू घरात येत असतात, अजिंठ्याच्या डोंगरात पळस फुललेला असतो. मात्र पहाटे अजूनही अंगावर काही ओढून घ्यावेसे वाटते. पंचांगाप्रमाणे वसंत चैत्रापासून धरावयाचा. कालिदासाने ऋतुसंहारात त्यास सहाव्या, म्हणजे अखेरच्या सर्गात बसविले आणि आंब्याचा मोहर, कोकिळ, भ्रमर असा सर्व लवाजमा त्याच्या दिमतीस दिला. त्या लवाजम्यात सुईत दोरा ओवणारी वृद्ध स्त्री कोठेही नाही, याचे आम्हांस नवल वाटते. कारण आमच्या घरी वसंताची वर्दी कोकिळेच्या आधी तीच देते.

आमचे घर पहूर येथील. जामनेर तालुक्यातील हे गाव वाघूर नदीच्या काठी असून पेठ व कसबे असे त्याचे दोन भाग आहेत. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वळसा घेऊन येणारी नदी ती हीच. पाचोऱ्याहून जामनेरास जाणारी अरुंद रुळांची आगगाडी २०२० पर्यंत गावावरून जात असे, आणि पूर्वी तिने उतारूंच्या जोडीने कापूसही पुष्कळ वाहिला. ज्या शिवारात कापूस पिकतो, तेथील जुन्या पिढीस धड सुती वस्त्र फेकून देणे हे पानातले अन्न टाकण्यासारखे वाटते. आमच्या मातोश्री याच पिढीच्या. वय वर्षे चौऱ्याऐंशी. घरातील लहानथोर सर्व त्यांस आजी म्हणतात, म्हणून या लेखात आम्हीही तसेच म्हणू. गोधडी कशी शिवावी हे शिकविण्याचा आमचा अधिकार नाही. वृद्ध माणसाच्या हातातील काम हे त्याचे सुख असते, आणि घरातील प्रेमळ मंडळीच ते नकळत हिरावून घेतात, इकडे वाचकांचे लक्ष वेधावे एवढाच हेतू आहे.

होळीनंतर आजींच्या दिवसाचे दोन भाग पडतात. सकाळी स्नान, देवपूजा व चहा आटोपला की लोकरीचा गुंडा व दोन सुया घेऊन त्या ओट्यावर बसतात. हे काम सकाळीच करावयाचे, कारण तेव्हा हात कोरडे असतात. ऊन चढून तळव्यांस घाम सुटला की लोकर बोटांस चिकटते व टाके घट्ट येतात. चैत्र निम्मा सरला म्हणजे आमच्याकडे लोकर पेटीत जाते ती दसऱ्यापर्यंत बाहेर निघत नाही. थंडी गेल्यावर लोकर हाती घेणे कोणास विनोदाचे वाटेल. परंतु त्यात हिशेब आहे. आमची एक पुतणी कॅनडात असते. तिच्या तान्ह्याची कानटोपी व पायमोजे तिकडचा हिवाळा लागण्यापूर्वी पोचले पाहिजेत, तर ते याच दोन पंधरवड्यांत विणून झाले पाहिजेत. जेवण व घटकाभर निद्रा झाल्यावर, तीनच्या सुमारास, ओसरीवर चटई पडते आणि गोधडी उलगडते. त्या वेळी ऊन तिरपे होऊन ओसरीत शिरते व त्या उजेडात पांढरा दोरा स्पष्ट दिसतो.

गोधडीचे काम दिसते त्याहून शहाणपणाचे आहे. लुगडे पुष्कळदा धुतलेले, खळ पूर्ण निघालेले व हातास मऊ लागणारे निवडावयाचे. त्याचे काठ प्रथम काढून बाजूस ठेवावयाचे. काठ टिकाऊ असतात व ते पुढे गोधडीच्या चारी कडांस लावता येतात. एक धड वस्त्र जमिनीवर ताणून अंथरावयाचे आणि सुरकुती राहू नये म्हणून कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, जे हाताशी असेल ते वजन ठेवावयाचे. त्यावर फाटकी वस्त्रे अशी रचावयाची की एकाचे भोक दुसऱ्याच्या धड भागाने झाकले जावे. सर्वांवर पुन्हा एक चांगले वस्त्र. मग लांब लांब कच्च्या टाक्यांनी सर्व थर जखडून, कडेपासून आत आत धावदोरा घालीत जावयाचे. नायलॉनच्या साडीस आजी हात लावीत नाहीत. ती सुईखालून सटकते, घाम टिपीत नाही आणि वर्षे गेली तरी मऊ होत नाही, असा त्यांचा अनुभव आहे.

आम्ही शाळेत संस्कृत शिकविले, तरी हिशेबाची खोड जुनीच आहे. सहा फूट लांब व साडेचार फूट रुंद अशी गोधडी घ्या आणि सोयीसाठी टाक्यांच्या ओळी सरळ धरा. दोन ओळींत पाऊण इंचाचे अंतर ठेविले तर रुंदीच्या ५४ इंचांत ७२ ओळी बसतात. इंचास चार टाके या मानाने ७२ इंचांच्या एका ओळीत २८८ टाके पडतात. म्हणजे एकूण २०,७३६. फाल्गुन पौर्णिमेपासून वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, तिथींची क्षयवृद्धी सोडल्यास, ४८ दिवस होतात. भागाकार केल्यास रोजचे ४३२ टाके, म्हणजे बरोबर दीड ओळ येते. हा हिशेब आम्ही मोठ्या उत्साहाने आजींस वाचून दाखविला. त्या म्हणाल्या, "मोजून काय करायचं? दीड ओळ झाली की चहाची वेळ होते."

वैशाख शुद्ध तृतीयेची मुदत आम्ही उगाच धरलेली नाही. अक्षय्यतृतीयेस खानदेशात आखाजी म्हणतात. पितरांच्या नावे घागर भरावयाची, सालदारांचे नवे साल धरावयाचे, झाडांना झोके बांधावयाचे आणि सासुरवाशिणींनी माहेरी यावयाचे, असा हा सण येथे दिवाळीच्या तोलाचा मानतात. माहेरी आलेली लेक परत निघताना तिच्यासोबत नवी गोधडी जावी, असा आजींचा नेम आहे. कोणाकरिता शिवावयाचे व केव्हा संपवावयाचे हे पहिल्या टाक्यासच ठाऊक असते, त्यामुळे त्या कामास अखेरपर्यंत गोडी राहते.

विणकामाचे सुख निराळे. गोधडीत अनेक वस्त्रांचे एक होते, तर विणकामात एकाच धाग्याचे वस्त्र होते. सुलटा व उलटा असे टाके दोनच. परंतु लघु व गुरू या दोहोंतून जशी सर्व गणवृत्ते निघतात, तशी या दोन टाक्यांतून हवी तेवढी नक्षी निघते. आजी ही विद्या बालपणी शाळेतील शिवणाच्या तासास शिकल्या. आपल्याकडे सुयांवरील विणकाम पाश्चात्त्यांच्या सहवासाने आले. पुढे मुलींच्या शाळांनी, आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यास निघालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी, शिवणकाम व हस्तकला यांस स्त्रीशिक्षणात स्थान दिले. विणकाम म्हटले की आपणांस लोकर आठवते; परंतु या कलेचे जे अतिप्राचीन नमुने इजिप्तात सापडले, त्यांत निळ्या-पांढऱ्या सुताचे पायमोजे आहेत. मोजे विणण्याचे यंत्र इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ साली बनविले. त्यास चार शतके उलटून गेली, तरी हाताने विणणारे थांबलेले नाहीत. मोजे मिळावेत एवढ्याचसाठी ते विणीत असते, तर ही कला केव्हाच लोपली असती.

चिंध्यांच्या वस्त्रास आपल्या वाङ्मयात कंथा असे नाव आहे. भर्तृहरीने वैराग्यशतकात विरक्ताच्या अंगावर ती घातली आहे. आमच्या वाघूर नदीच्या वरच्या अंगास, अजिंठ्याच्या विहारांत जे बौद्ध भिक्षू राहत, त्यांच्या विनयग्रंथांत टाकून दिलेल्या चिंध्यांच्या वस्त्रास पांसुकूल म्हटले आहे. आणि मगधातील बांधांनी आखलेली शेते पाहून बुद्धाने आनंदास त्याच आकृतीचे चीवर शिवावयास सांगितले, अशी कथाही तेथे आहे. भिक्षूची चिंधी विरक्तीची खूण होय. आजींच्या चिंधीत मात्र प्रत्येक तुकड्यास नातेगोते असते: हा काठ थोरल्या सुनेच्या डोहाळजेवणाच्या साडीचा, हे छिटाचे फूल धाकट्या नातीच्या परकराचे. बंगालच्या बायकांनी या कंथेवर रंगीत दोऱ्यांनी चित्रे काढली; जसीमुद्दीन यांचे १९२९ सालचे प्रसिद्ध काव्य त्या नक्षीदार कांथेचेच नाव धारण करते. महाराष्ट्रातील गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी २०१३ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दूर अमेरिकेत, अलाबामा प्रांतातील जीज बेंड या वस्तीत, मिसूरी पेटवे या कृष्णवर्णी स्त्रीने १९४२ साली आपल्या दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. ती आज कलाकृती म्हणून गणली जाते. देश कोणताही असो, बाईच्या मनात चालते ते एकच.

हे शेवटचे उदाहरण आम्ही मुद्दाम दिले. दोन वर्षांपूर्वी, महाशिवरात्रीच्या सुमारास, घराची झाडलोट चालू असता माळ्यावरील एक गाठोडे बोहारणीस देण्यात आले व त्याच्या बदल्यात एक स्टीलचे पातेले घरात आले. सुनांचा हेतू वाईट नव्हता. आजींच्या डोळ्यांस आता ताण नको, पांघरुणे बाजारात स्वस्त मिळतात, असेच सर्वांच्या मनात होते. आजींनी गाठोड्याची चौकशी केली, उत्तर ऐकून घेतले आणि इतकेच म्हटले, "त्यात ह्यांची दोन धोतरं होती." आमचे तीर्थरूप निवर्तून तेव्हा अकरा वर्षे झाली होती. ती धोतरे त्या गाठोड्यात आहेत हे घरात कोणासही ठाऊक नव्हते. धाकट्या बंधूंनी बोहारणीचा शोध केला, परंतु माल पुढे गेलेला होता.

आजी रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. त्या वर्षी होळी झाली आणि ओसरीवर चटई मात्र पडली नाही. दुपारी त्या भिंतीस टेकून बसत. आज वार कोणता, हे दिवसातून दोनदा विचारीत. भाकरी अर्धी टाकीत. डॉक्टरांनी तपासून प्रकृती ठीक असल्याचे सांगितले. पंधरा दिवसांनी आमच्या नातसुनेने आपली दोन सुती पातळे व लहानपणीचे एक मऊ पांघरूण त्यांच्यापुढे आणून ठेविले आणि, "आजी, मला गोधडी येत नाही, दाखवता का?" असे विचारले. आजींनी पातळ उजेडाकडे धरून पाहिले, काठ चाचपला व कात्री मागितली. मग स्वतःच उठून देवघरातील पेटीतून तीर्थरूपांचे एक जुने उपरणे काढून आणिले. ते त्या गोधडीच्या मधल्या थरात आहे. वरून दिसत नाही.

यावर कोणी म्हणतील की हा भावनेचा प्रश्न झाला. डोळे व कंबर यांचे काय? आक्षेप रास्त आहे. आणि ज्या घरी गरजेपोटी रात्री दिव्याशी बसून गोधड्या शिवाव्या लागतात, तेथील कष्टांस सुख म्हणण्याचा निर्दयपणाही आम्ही करणार नाही. परंतु आमच्यासारख्या घरी ते काम आजींनी स्वतः पत्करलेले असते, आणि थकल्यावर सुई खाली ठेवण्याची त्यांस मुभा असते. नोकरीतून निवृत्त होताना आम्हांस शाल मिळाली, नारळ मिळाला, चार शब्दांचे भाषणही ऐकावयास मिळाले. तरी पुढील सोमवारी सकाळी दहाच्या घंटेस आपणांस कोठेच जावयाचे नाही, हे जाणवून जीव कासावीस झाला. घरातील वृद्ध स्त्रीस आपण 'आता स्वस्थ बसा' असे म्हणून निवृत्त करतो, तेव्हा तिला शालही देत नाही, आणि ती रजा तिने मागितलेलीही नसते.

म्हणून वाचक बंधुभगिनींस आमची काही साधी विनंती आहे. जुनी वस्त्रे बोहारणीस देण्यापूर्वी आजींस दाखवावीत. सुती पातळ जीर्ण झाले म्हणजे ते धुऊन, घडी करून त्यांच्या हवाली करावे. मुलांचे आखूड झालेले लोकरी स्वेटर टाकू नयेत. ते उसवून, लडी करून, धुऊन वजन बांधून वाळविले की धाग्याचे वळ जातात व लोकर पुन्हा विणता येते. ओसरीचा उजेडाचा कोपरा दुपारी मोकळा ठेवावा. शिवून झालेली गोधडी कपाटात जपून न ठेवता अंगावर घ्यावी व फाटली तर दुरुस्तीस परत द्यावी. आजींस याहून मोठी पावती नाही. आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी टाका घालता येतो, परंतु नेढे दिसत नाही. यास्तव मुलांनी सकाळी शाळेस जाताना दहा सुया ओवून उशीस टोचून ठेवाव्यात. दीड ओळीस तेवढ्या पुरतात.