बोरिवलीच्या रानातील आडवाटा

बोरिवलीचे रान पाहिले नाही असा मुंबईकर विरळा. रविवारी सकाळी स्टेशनाबाहेर पडणारी मंडळी पाहिली म्हणजे अर्धे शहर तिकडेच लोटले आहे की काय असे वाटते. परंतु फाटकापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत गेलेला डांबरी रस्ता वगळला, तर शंभराहून अधिक चौरस किलोमीटर पसरलेल्या या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा कितीसा भाग आपण पाहिलेला असतो? आम्हीही याच डांबरी पंथाचे. वर्गातील मुले घेऊन कितीदा तरी कान्हेरीस गेलो. कृष्णगिरीची कान्हेरी कशी झाली, शिलालेखांतून या डोंगरास 'कण्हसेल' कसे म्हटले आहे, हे सांगण्यात रंगून गेलो आणि सायंकाळी परत आलो. रस्त्याच्या दुतर्फा झाडे होती, एवढेच झाडांविषयी आमचे ज्ञान!

सेवानिवृत्तीनंतर, २०२३ सालच्या मार्गशीर्षात, आमच्या दहा वर्षांच्या नातवास घेऊन गेलो असता एक पायवाट दिसली आणि आम्हांस दुर्बुद्धी सुचली. वाट उताराची, उताराखाली ओढा असणार, ओढा दहिसर नदीस मिळणार आणि नदी फाटकाजवळून जाते; तेव्हा चुकण्याची भीती कसली, असे आमचे अनुमान. न्यायशास्त्राच्या दृष्टीने त्यात दोष नव्हता. वाटेस मात्र न्यायशास्त्र ठाऊक नव्हते. ती उतार सोडून आडवी वळली, कारवीच्या गर्दीत शिरली, तिला तीन फाटे फुटले, आणि पुरुषभर उंचीच्या त्या झुडपांत पुढचे मागचे काहीच दिसेनासे झाले. सूर्य कलला. या रानात बिबट्यांची वस्ती आहे, आणि संध्याकाळ ही त्यांची हिंडण्याची वेळ, हे नातवाने शाळेत ऐकले होते. त्याने ते आम्हांस दोनदा सांगितले. आम्ही मोठ्याने स्तोत्र म्हणू लागलो. नातवाच्या समाधानासाठी, असे तेव्हा म्हणालो होतो.

अखेर पाड्याकडे परतणारी एक वारली बाई भेटली. "बाबा, ही माणसांची वाट नाही, जनावरांची आहे," एवढेच बोलून तिने आम्हांस रस्त्यावर आणून सोडले. घरी हकीकत कळल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी जे सांगितले ते येथे देण्याचे प्रयोजन नाही.

तथापि ते वाक्य मनातून जाईना. म्हणून २०२५ च्या जून महिन्यात, पहिल्या सरी पडून गेल्यावर, वनखात्याची रीतसर परवानगी काढून आणि वाटाड्या बरोबर घेऊन आम्ही आजा-नातू शिलोंड्याच्या वाटेने निघालो. वाटाड्या पंचविशीचा, रानातल्याच पाड्यावर वाढलेला. आमचा पहिला प्रश्न अर्थातच तोच : माणसांची वाट ओळखावी कशी? तो म्हणाला, "खाली पाहू नका, समोर पाहा." हरणे, डुकरे जातात ती वाट जमिनीवर स्वच्छ दिसते, परंतु छातीच्या उंचीवर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या राहतात. माणूस उभा चालतो, त्याच्या वाटेवर त्या मोडलेल्या असतात. आम्ही त्या दिवशी हातांनी फांद्या सारीत चाललो होतो, आणि तरीही आम्हांस संशय आला नव्हता!

पुढे वाळक्या काठ्यांचे रान लागले. ही कारवी. आठ वर्षांतून एकदा ती सगळी मिळून फुलते, बी टाकते आणि मरते. २०१६ नंतर ती २०२४ साली फुलली. आम्हांस चकविणारी झुडपे आता नुसती कामट्या होऊन उभी होती, आणि त्यांच्या पायाशी नवी रोपे. यापुढचा बहर २०३२ चा. तोपर्यंत आम्ही पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असू. नातवाने मात्र तारीख आत्ताच ठरवून टाकली आहे. ऐनाच्या झाडाची सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल आणि कांडोळाचे पांढुरके, भुतासारखे खोड यांपुढेही तो बराच वेळ खिळून राहिला.

ओढ्याजवळ मंद सुगंध आला. एका लहानशा झाडावर पांढऱ्या फुलांचे झुबके होते, आणि गेल्या साली धरलेल्या शेंगांच्या लांब, बारीक जोड्या अजून लोंबत होत्या. "हा कुडा," वाटाड्या म्हणाला. "पांढरा. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या असतात, याच्या सुट्या. हगवणीवर याची साल देतात. संस्कृतात कुटज म्हणतात, आमच्या पाटीवर लिहिले आहे."

आम्ही तेथेच खडकावर बसलो. मेघदूतातील यक्ष मेघाचे स्वागत करतो ते कुटजाच्या ताज्या फुलांनी. हा श्लोक आम्ही जवळजवळ तीस वर्षे शिकविला. एकदा मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले होते, "गुरुजी, कुटज म्हणजे कोणते झाड?" आम्ही मल्लिनाथाचा आधार घेऊन ठणकावून सांगितले, "गिरिमल्लिका." "आणि गिरिमल्लिका म्हणजे?" यावर आम्ही त्यास उद्धट ठरवून तास संपेपर्यंत उभे केले. त्या वेळी आमच्या घरच्या कपाटात कुटजारिष्टाची बाटली होती. लहानपणी कोकणात आजीच्या हातची कुड्याच्या शेंगांची भाजी आम्ही खाल्लेली होती. बाटली, भाजी आणि श्लोक यांची गाठ कधी पडली नाही; आणि त्या मुलाचा आज पत्ताही नाही.

नातवाने खाली पडलेले एक फूल उचलले. वाटाड्याने नम्रपणे ते परत ठेवावयास लावले. रानातले काही बाहेर न्यावयाचे नाही असा नियम आहे.

घरी आल्यावर मेघदूताची जुनी प्रत काढली. समासात पेन्सिलीने 'गिरिमल्लिका' असे लिहिलेले होते. त्याखाली 'पांढरा कुडा' असे लिहिले आणि पुढे स्थळ टिपले : शिलोंड्याची वाट, ओढ्याच्या डाव्या अंगास, खडकाजवळ.