ट्रंकेतली गोळी गेली कोठे?

दिवाळीच्या आवराआवरीत जुनी ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांचा उग्र वास नाकात शिरतो. गेल्या वर्षी बोराएवढ्या असलेल्या गोळ्या आता वाटाण्याएवढ्या झालेल्या दिसतात. कपड्यांवर ओल नाही, डाग नाही. मग गोळी गेली कोठे?

ही गोळी बहुधा नॅफ्थॅलीनची असते. त्याच्या रेणूत कार्बनचे दहा अणू एकमेकींना जोडलेल्या दोन षट्कोनी कड्यांत बसलेले असतात. रेणूच्या आतले बंध बळकट असतात; परंतु एका रेणूची दुसऱ्यावरची पकड ढिली असते. म्हणून पृष्ठभागावरचे रेणू ८० अंश सेल्सिअस या द्रवणांकाची वाट न पाहता सरळ वायुरूप होतात. हेच संप्लवन. २५ अंशांना नॅफ्थॅलीनचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दहाहजारावा भाग असतो. पण बंद पेटीतल्या कसरीला तेवढा पुरतो.

आता थोडा विचार करा. वास येतो, याचा अर्थ ते रेणू आपल्या श्वासातही जात आहेत. मोठ्यांना क्वचित डोकेदुखी होते, मळमळते. तान्ह्या बाळाची गोष्ट मात्र निराळी. काही मुलांच्या रक्तात जी-६-पीडी हे विकर जन्मतःच कमी असते. अशा बाळाला थोरल्या भावंडाची ट्रंकेतली दुपटी-टोपडी तशीच घातली, तर तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाला हा दोष आहे की नाही, हे आपल्याला बहुधा ठाऊकच नसते! तेव्हा बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नयेत. ठेवल्या असल्यास कपडे धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हा-वाऱ्यात टाकावेत. नुसत्या धुण्याने भागत नाही, कारण नॅफ्थॅलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. उन्हाने मात्र बाष्पदाब वाढतो.

गोळी कशाची आहे हे ओळखायचे असेल, तर ती चिमट्याने साध्या पाण्यात टाका. तरंगली तर कापूर. बुडाली तर मिठाच्या संपृक्त द्रावणात टाका. तेथे नॅफ्थॅलीन तरंगते. पॅराडायक्लोरोबेंझीन तेथेही बुडते. पोटात गेल्यास तिन्ही घातकच.

प्रयोगशाळेत द्रवणांक काढताना परीक्षानळी पाण्यात धरून तापवावी, थेट ज्योतीवर नव्हे. ही वाफ पेट घेते. खिडक्या उघड्या असू द्या. (आमच्या वर्गात हे दरवर्षी सांगावे लागते!)

आणि लहान मुलाने पेपरमिंट समजून गोळी गिळलीच, तर दूध पाजू नये, कारण स्निग्ध पदार्थांत नॅफ्थॅलीन विरघळते व लवकर शोषले जाते. ओकारीही काढू नये. उरलेली गोळी बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे. मूल हसत-खेळत असले तरीही, कारण रक्तावरचा परिणाम एक-दोन दिवसांनीही दिसू शकतो.