बोटातले रक्त आणि दंडावरचा सेन्सर

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीत देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. त्यामुळे बोट टोचून तपासलेली साखर आणि दंडावरच्या सेन्सरने दाखवलेली साखर जुळत नाही, तेव्हा कोणती खरी मानायची, हा प्रश्न पेडणे आणि डिचोलीतही अनेक घरांच्या जिव्हाळ्याचा आहे.

ग्लुकोमीटर केशवाहिन्यांतील रक्त तपासतो, तर सेन्सरचा बारीक तंतू त्वचेखाली पेशींभोवतीच्या द्रवात, म्हणजे ऊतकद्रवात असतो, आणि रक्तातील ग्लुकोज तेथे झिरपून पोहोचण्यास साधारण ५ ते १० मिनिटे लागतात. साखर स्थिर असताना हा विलंब जाणवत नाही. परंतु ती दर मिनिटाला २ मिलिग्रॅमने उतरत असेल, तर रक्तात ७० असताना सेन्सर ९० दाखवू शकतो (काही सेन्सरांतील गणिती प्रक्रिया ही उणीव अंशतः भरून काढते), आणि घाम सुटून हात थरथरत असलेल्या रुग्णाला त्या आकड्याने खोटा धीर मिळतो. अशा वेळी लक्षणांवर विश्वास ठेवून बोट टोचून पाहणेच योग्य.

तरीही मीटरला निर्दोष समजणे चुकीचे ठरेल. आयएसओ १५१९७ या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार प्रयोगशाळेत २०० भरलेली साखर मीटरवर १७० किंवा २३० दिसली तरी ती ग्राह्य धरली जाते, कारण १०० व त्याहून अधिक साखरेसाठी १५ टक्क्यांचा फरक चालतो, आणि ही अटही ९५ टक्के वाचनांनीच पाळायची असते. त्यात काजूच्या हंगामात बोंडू पिळलेले हात न धुता बोट टोचले, तर कातडीवरचा गोड रस रक्ताच्या थेंबात मिसळून आकडा भलताच फुगतो; नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने तो रस पुरता जात नाही, साबण-पाणीच लागते.

आजच्या बहुतेक सेन्सरांची सरासरी चूक ८ ते १० टक्क्यांच्या आसपास असते, मात्र पहिल्या दिवशी ती अधिक असू शकते, आणि त्याच दंडावर झोपल्यास तेथील द्रवाचा प्रवाह दबून साखर खोटीच उतरलेली दिसते. मध्यरात्री असा इशारा वाजल्यास कूस बदलावी, हात धुवावेत आणि बोट टोचून खात्री करावी. घाम किंवा थरथर असेल, तर मात्र आधी साखर खावी.