पप्पांची एकसष्टी, जळगावातली हॉटेलं आणि तुमचा रिसर्च प्रॉब्लेम

पेटची तयारी करणाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न असा: "टॉपिक तर आहे, पण त्याचा रिसर्च प्रॉब्लेम कसा करायचा?" सिनॉप्सिस लिहायला बसलं की गाडी इथेच अडकते. आज यासाठी मी प्रयोगशाळेतलं उदाहरण घेणार नाही, घरातलं घेतो. पुढच्या महिन्यात माझ्या वडिलांना साठ पूर्ण होऊन एकसष्टावं लागतंय. घरच्यांनी ठरवलं, रात्रीचं जेवण बाहेर करू. हॉटेल शोधायचं काम "तू पीएचडी करतोस ना, मग तूच बघ" म्हणून माझ्याकडे आलं.

काम छोटं आहे, पण संशोधनात लागणाऱ्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या त्यात आहेत. एकेक बघू.

१. टॉपिक म्हणजे प्रश्न नव्हे

"जळगावात चांगलं हॉटेल कोणतं?" हा टॉपिक झाला. याला उत्तर नाही, कारण "चांगलं" म्हणजे कोणासाठी, कधी आणि कशासाठी हे त्यात नाही. कॉलेजच्या चार मित्रांना झणझणीत शेवभाजी देणारा हायवेवरचा ढाबा चांगलाच असतो. तोच ढाबा ८० वर्षांच्या आजीसाठी चांगला असेलच असं नाही.

आमचा प्रश्न मी असा लिहिला: "१७ माणसं, शनिवारची संध्याकाळ, त्यातले १२ जळगावचे आणि ५ धुळ्याचे. अशी कोणती जागा आहे जिथे पप्पांना शेवटपर्यंत गप्पांत भाग घेता येईल?"

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. पप्पांना गेल्या दोन-तीन वर्षांत ऐकायला कमी येतं. ते कबूल करत नाहीत. लग्नाच्या रिसेप्शनमध्ये कोणी काही बोललं की ते नुसते हसतात आणि मान हलवतात. ऐकू आलेलं नसतं. स्वतःच्या एकसष्टीलाही ते असेच हसत, मान हलवत बसले तर जेवण कितीही छान असलं तरी आमचं काम फसलं. प्रश्न लिहिताना अपयश कशाला म्हणायचं हे ठरलं की अर्धं काम होतं. तुमच्या सिनॉप्सिसलाही हीच कसोटी लावून बघा.

२. अटी वेगळ्या, निकष वेगळे

यादी करताना बहुतेक जण सगळं एकत्र लिहितात: चव, भाव, पार्किंग, जिना, एसी. याचे दोन भाग करा. अट म्हणजे जी पाळलीच पाहिजे. निकष म्हणजे ज्यात कमी-जास्त चालतं.

आमच्या अटी तीनच होत्या. तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या मजल्यावर बसायची सोय, कारण आजीचे गुडघे. कमोड असलेलं स्वच्छ टॉयलेट, कारण पुन्हा तेच गुडघे. आणि शाकाहारी जेवणासाठी वेगळं किचन, कारण मावशी नाहीतर पाण्याशिवाय कशाला हात लावणार नाही. यातली एक जरी अट मोडली तरी हॉटेल यादीतून बाहेर. पनीर कितीही मऊ असलं तरी ते जिन्याची भरपाई करत नाही. प्रयोगातही असंच असतं: सॅम्पल दूषित असेल तर उपकरण किती भारी आहे याने फरक पडत नाही.

३. जागा कुठे? सरासरी की मध्यक?

धुळे आणि जळगाव एकाच राष्ट्रीय महामार्गावर आहेत, क्रमांक ५३, पूर्वीचा ६. अंतर साधारण ९५ किलोमीटर धरू. काकांचं म्हणणं: "मध्ये एरंडोल-पारोळ्याकडे भेटू, सगळ्यांना सारखं." ऐकायला न्याय्य वाटतं. हिशेब करून बघा.

जेवण जळगावात ठेवलं तर धुळ्याच्या ५ जणांचा एका बाजूचा प्रवास ५ × ९५ = ४७५ माणूस-किलोमीटर. बरोबर मधोमध ठेवलं तर १७ × ४७.५ = ८०७.५. म्हणजे "सगळ्यांना सारखं" केल्याने एकूण त्रास जवळजवळ पावणेदोनपट झाला! एकाच रस्त्यावर एकूण अंतर कमीत कमी करायचं असेल तर उत्तर मध्यकाशी, म्हणजे मीडियनपाशी मिळतं, आणि १७ पैकी १२ जण जळगावात असल्याने मध्यक जळगावातच पडतो. मात्र "कोणालाही फार लांब पडू नये" हे उद्दिष्ट असेल तर काकांचं उत्तर बरोबर. दोन्ही गणितं बरोबर आहेत. वेगळं आहे ते उद्दिष्ट.

आम्ही मधला मार्ग काढला: जळगावच, पण धुळ्याच्या बाजूचं उपनगर. खोटेनगर, पिंप्राळा, गिरणेपलीकडे बांभोरी हा भाग. धुळ्याच्या गाडीला शहरातली गर्दी ओलांडायला लागत नाही आणि रात्री परतताना ती सरळ हायवेला लागते.

४. तारे मोजताना

आता मोबाइलवरचे तारे. समजा एका हॉटेलला ४.८ तारे आहेत, पण रिव्ह्यू १२. दुसऱ्याला ४.३, रिव्ह्यू ९००. कोणतं वर? १२ रिव्ह्यू मालकाच्या घरचेही असू शकतात.

यावर एक साधा उपाय आहे, त्याला बेझियन सरासरी म्हणतात. प्रत्येक हॉटेलला सुरुवातीला काही काल्पनिक रिव्ह्यू देऊन टाकायचे. समजा शहरातल्या हॉटेलांची सर्वसाधारण सरासरी ४.० मानली आणि असे ५० रिव्ह्यू प्रत्येकाच्या खात्यात घातले.

पहिलं हॉटेल: (१२ × ४.८ + ५० × ४.०) ÷ ६२ = ४.१५
दुसरं हॉटेल: (९०० × ४.३ + ५० × ४.०) ÷ ९५० = ४.२८

क्रम उलटला. पुरावा थोडा असेल तर आकडा सरासरीकडे ओढला जातो, भरपूर असेल तर स्वतःच्या जागी टिकतो. मात्र ५० हा आकडा मी निवडलाय. तो २० घेतला तर काय होतं, १०० घेतला तर काय होतं, हे स्वतः करून बघा. पॅरामीटर निवडला की असं तपासायची सवय आत्तापासून लावा.

यापेक्षाही मोठा प्रश्न वैधतेचा आहे. तारे नेमकं काय मोजतात? रिव्ह्यू लिहिणारे बहुधा तरुण, आणि लिहितात चवीबद्दल, सर्व्हिसबद्दल. "साठीच्या माणसाला समोरच्याचं बोलणं ऐकू येतं का" यासाठी कोणी तारे देत नाही. आपल्याला हवी ती गोष्ट आणि हाताशी असलेला आकडा, या दोन्ही एकच आहेत असं कधीही गृहीत धरू नका.

५. मग हवं ते मोजायचं कसं?

इथे थोडं भौतिकशास्त्र. वयाबरोबर कान आधी उंच कंप्रतेचे आवाज गमावतो. स, श, फ, त अशा व्यंजनांची ओळख त्याच आवाजांवर अवलंबून असते. म्हणून वयस्कर माणूस म्हणतो, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." ओरडून बोलल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं फारशी स्पष्ट होत नाहीत.

दुसरं, १९११ मध्ये फ्रेंच डॉक्टर एतिएन लोम्बार्ड यांनी दाखवलं की आजूबाजूला गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. हॉटेलात हे साखळीसारखं चालतं: एक टेबल मोठ्याने बोलतं म्हणून दुसरं, दुसरं बोलतं म्हणून तिसरं. गुळगुळीत टाइल्स, काचेच्या भिंती, सपाट छत असेल तर आवाज शोषला जात नाही, फिरत राहतो. पडदे आणि गाद्या मदत करतात. मोकळ्या लॉनवर भिंतीच नसल्याने प्रतिध्वनी नसतो, पण हायवेचे ट्रक असतात.

तिसरं अंतर. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे १ मीटरवरून बोलणाऱ्यापेक्षा ४ मीटरवरून बोलणाऱ्याचा आवाज १२ डेसिबल कमी. सतरा जणांचं लांबलचक टेबल आणि उत्सवमूर्ती टोकाला, ही आपली नेहमीची पद्धत. फोटोला छान, कानाला वाईट. पप्पांना मधोमध बसवायचं, भिंतीकडे पाठ करून, आणि जास्त बोलणारी मंडळी समोर. याला एक रुपया लागत नाही.

६. गुणांचा तक्ता आणि त्यातली गंमत

अटी पार करून तीन हॉटेलं उरली. त्यांना अ, ब, क म्हणू. पाचपैकी गुण असे:

अ (हायवेवरचं, बाग असलेलं): जेवण ५, शांतता २, सोय ३
ब (कॉलनीतलं फॅमिली रेस्टॉरंट): जेवण ४, शांतता ४, सोय ४
क (नवीन हॉटेलचा छोटा हॉल): जेवण ३, शांतता ४, सोय ५

आता वजनं द्यायची.

जेवण ७०, शांतता १०, सोय २० टक्के: अ ४.३, ब ४.०, क ३.५
जेवण ४०, शांतता ३०, सोय ३०: अ ३.५, ब ४.०, क ३.९
जेवण २०, शांतता ४०, सोय ४०: अ ३.०, ब ४.०, क ४.२

गुण तेच, पण तीन वजनांना तीन वेगळे विजेते! तक्ता बघून "आकड्यांनी ठरवलं" असं कोणी म्हणालं तर विचारा, वजनं कोणी ठरवली? आमच्याकडे ती वजनं पप्पांची असायला हवी होती, माझी नाही. एक गोष्ट आणखी बघा. ब प्रत्येक वेळी ४.० वरच आहे. वजनांबद्दल खात्री नसेल तेव्हा असा स्थिर पर्याय खूप मोलाचा असतो.

७. सरळ विचारलं तर सरळ उत्तर येत नाही

"पप्पा, कुठे जायचं?" याचं खान्देशातलं उत्तर तुम्हालाही माहीत आहे: "कुठेही चला. कशाले एवढा खर्च?" ही आवड नव्हे. चांगल्या बापाने काय म्हणावं याचं ते उत्तर आहे. प्रश्नावलीच्या भाषेत याला सामाजिक इष्टतेचा पूर्वग्रह म्हणतात.

मग आवड विचारायची नाही, घडलेलं विचारायचं. अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या विचाराचा गाभा हाच: माणसाची पसंती त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या निवडींतून कळते. मी विचारलं, "बाहेरचं जेवण शेवटचं कधी मजेत झालं?" पप्पा लगेच म्हणाले, "हिवाळ्यात, शेतातली भरीत पार्टी." कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, आणि सात-आठ जण गोल करून बसलेले. मग तासभर त्याच गप्पा! जेवणाबद्दल त्यांनी दोन वाक्यं सांगितली. बाकी सगळं, कोण काय म्हणालं. वजनं मला मिळाली. शिवाय एक डिझाइनही मिळालं: एक लांब टेबल नको, दोन गोल टेबलं हवीत.

८. शोध कुठे थांबवायचा?

रिव्ह्यू ऑफ लिटरेचर करताना हा प्रश्न तुम्हाला छळणार आहे. ३७ टक्क्यांचा नियम ऐकला असेल: पहिले ३७ टक्के पर्याय नुसते बघून सोडा, मग त्या सगळ्यांपेक्षा सरस असा पहिला मिळाला की घ्या. गणित खरं आहे, पण त्याच्या अटी वाचा. सोडलेल्या पर्यायाकडे परत जाता येत नाही, आणि सर्वोत्तम सोडून दुसरं काहीही चालत नाही. हॉटेल तर कुठे पळून जात नाही! म्हणून तो नियम इथे लागू नाही. प्रमेय वापरण्याआधी त्याची गृहीतकं तपासा.

इथे हर्बर्ट सायमन कामाला येतात, १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल विजेते. त्यांचं म्हणणं, माणसाकडे वेळ आणि माहिती मर्यादित असते, म्हणून "पुरेसं चांगलं" याची पातळी आधी ठरवा आणि ती गाठली की थांबा. आमची पातळी होती: तिन्ही निकषांत किमान ४. ती फक्त ब ने गाठली. शोध संपला.

९. पायलट

बुकिंगच्या आधी आम्ही दोघं भावंडं शनिवारीच, रात्री साडेआठला तिथे जाऊन बसलो. मंगळवारी दुपारी बघितलेलं हॉटेल म्हणजे वेगळंच सॅम्पल. फोनवरच्या ॲपने आवाज मोजला, अंदाजापुरता. साडेसातला हॉल अर्धा रिकामा असतो आणि नऊनंतर भरतो हे कळलं, म्हणून वेळ सातची घेतली. मॅनेजरना कोपऱ्यातली दोन गोल टेबलं आणि आमच्या बाजूचा स्पीकर बंद, एवढंच मागितलं. ते हो म्हणाले.

कार्यक्रम अजून व्हायचाय. पण यश कसं ओळखायचं हे आम्ही आत्ताच वहीत लिहून ठेवलंय. निकाल बघून निकष बदलायचा मोह संशोधकाला नेहमी होतो, आणि आधी लिहून ठेवणं हाच त्यावरचा उपाय. आमचा निकष एका ओळीचा आहे: जेवण चालू असताना पप्पा किती वेळा "काय म्हणाला?" विचारतात आणि किती वेळा नुसती मान हलवतात. विचारलं तर चालेल. नुसती मान हलवली तर ते एकटे पडलेत असं समजायचं आणि कोणीतरी उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसायचं. हे काम धाकट्या बहिणीकडे दिलंय.

आता तुमचं काम. तुमचा टॉपिक एका कागदावर लिहा. खाली तीन ओळी: अपयश कशाला म्हणणार, कोणत्या अटी मोडता येणार नाहीत, आणि वजनं कोणाची. या तीन ओळी जमल्या की गाइडकडे जा. पहिल्या भेटीत त्यांचे बरेचसे प्रश्न इथेच असतात.