कायदा पोहोचण्याआधीचे गाव

टेक्सासच्या कुरणांतील गुरांचे कळप शेकडो मैल हाकत कॅन्ससमधील रेल्वे स्थानकांपर्यंत न्यायचे, हा काऊबॉयचा मूळ व्यवसाय. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यानंतर तो भरभराटीला आला आणि १८८० चे दशक सरता सरता जवळपास संपुष्टातही आला. लोहमार्गांचे जाळे पसरले, काटेरी तारांच्या कुंपणांनी मोकळी कुरणे अडवली आणि लांब पल्ल्याच्या या प्रवासाची गरजच उरली नाही. जेमतेम वीस-पंचवीस वर्षांचा हा काळ! त्यावरचे चित्रपट मात्र शंभराहून अधिक वर्षे निघत आहेत. सुमारे बारा मिनिटांचा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' १९०३ मध्ये पडद्यावर आला, तेव्हापासून ही परंपरा कधी जोमाने, कधी क्षीणपणे, पण अखंड चालू आहे.

घोडे, पिस्तुले आणि धुळीचे लोट यांत या चित्रपटांचे आकर्षण आहे, असे सहसा सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. पारंपरिक वेस्टर्नपटाच्या मुळाशी एक प्रश्न असतो. जेथे न्यायालय आणि पोलीस पोहोचलेले नाहीत, किंवा पोहोचूनही दुबळे आहेत, तेथे न्याय कोणी करायचा? आणि ज्याने तो बंदुकीच्या बळावर केला, त्याला पुढे कायद्याने चालणाऱ्या गावात जागा उरते का?

हा प्रश्न मांडण्यासाठी या चित्रपटांनी स्वतःची एक भाषा घडवली. दिग्दर्शक जॉन फोर्ड यांचा १९३९ चा 'स्टेजकोच' हे तिचे ठळक उदाहरण. एका घोडागाडीत निरनिराळ्या थरांतील प्रवासी कोंबलेले आहेत. त्यांत ठेवींचा पैसा घेऊन पळणारा प्रतिष्ठित बँकर आहे, गावाने हाकलून दिलेली वेश्या आहे, मद्यपी डॉक्टर आहे आणि तुरुंगातून निसटलेला रिंगो किड आहे. संकट येते तेव्हा माणुसकी दाखवतात ती बहिष्कृत माणसेच. रिंगोच्या भूमिकेने जॉन वेन यांना मोठे नट केले. अॅरिझोना आणि युटा यांच्या सीमेवरील मॉन्युमेंट व्हॅलीत, नवाहो लोकांच्या भूमीत, या चित्रपटातील काही दृश्ये चित्रित झाली. वालुकाश्माच्या त्या प्रचंड सुळक्यांखालून जाणारी गाडी मुंगीएवढी दिसते. माणूस इतका लहान आणि एकटा दिसू लागला की त्याने घेतलेला प्रत्येक निर्णय मोठा वाटतो. वेस्टर्नपटातील निसर्ग हे काम करतो.

चौकट ठरलेली असल्याने तिच्या आत वादही घालता येतो. १९५२ मध्ये फ्रेड झिनेमन यांचा 'हाय नून' आला. गॅरी कूपर यांनी रंगवलेला मार्शल विल केन नुकताच विवाहबद्ध होऊन नोकरी सोडतो आहे. तेवढ्यात खबर येते, की त्याने तुरुंगात धाडलेला गुंड दुपारी बाराच्या गाडीने परतत आहे. केन चर्चमध्ये जातो, मित्रांची दारे ठोठावतो, पण मदतीला कोणी येत नाही. प्रत्येकाकडे न येण्याचे पटण्याजोगे कारण असते. अखेर जिंकल्यावर तो आपला बिल्ला धुळीत फेकून निघून जातो. हे कथानक लिहिणारे कार्ल फोरमन त्या वेळी अमेरिकेतील कम्युनिस्टविरोधी चौकशीच्या फेऱ्यात सापडले होते आणि पुढे हॉलिवूडच्या काळ्या यादीत गेले. संकटात पाठ फिरवणाऱ्या त्या गावात अनेकांना तेव्हाचे हॉलिवूडच दिसले.

जॉन वेन यांना हा चित्रपट मुळीच रुचला नाही. गंमत अशी, की कूपर यांना त्यासाठी मिळालेले ऑस्कर त्यांच्या गैरहजेरीत वेन यांनीच स्वीकारले! पुढे दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स आणि वेन यांनी १९५९ मध्ये 'रिओ ब्राव्हो' काढून आपले उत्तर दिले. त्यातील शेरीफ गावाकडे मदत मागत नाही. बंदूक चालवणे हे ज्यांचे काम नाही, त्यांना मरणाच्या दारात का ढकलावे, असा त्याचा विचार असतो. दारूच्या आहारी गेलेला सहकारी, एक लंगडा म्हातारा आणि एक तरुण यांच्या साथीने तो तुरुंग राखतो. नागरिकाचे कर्तव्य कोठे सुरू होते आणि ते काम पगारी अधिकाऱ्याचे कोठे ठरते? एकाच प्रकारच्या गावाची ही दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही पटतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुतेक अभिजात वेस्टर्नपट उदासपणे देतात. 'शेन' (१९५३) मधील नायक शेतकऱ्यांना जमीनदाराच्या जाचातून सोडवतो आणि जखमी अवस्थेत निघून जातो. 'द सर्चर्स' (१९५६) मध्ये वर्षानुवर्षे पुतणीचा शोध घेणारा इथन तिला घरी पोहोचवतो, पण स्वतः उंबरठ्याबाहेरच राहतो. 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' (१९६२) मध्ये वकील सिनेटर होतो, तर ज्याच्या गोळीने हे शक्य झाले तो माणूस विस्मृतीत मरतो. कायद्याचे राज्य आणणाऱ्यालाच त्या राज्यात घर नसते, हा सल या कथांना साध्या मारामारीपटापेक्षा वेगळा करतो.

या सगळ्यात इतिहासाची बरीच मोडतोड झाली, हेही तितकेच खरे. अभ्यासकांच्या अंदाजानुसार काऊबॉयांपैकी सुमारे एक चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. त्यांची कला तर मेक्सिकोतील गुराख्यांकडून आलेली. जुन्या चित्रपटांत हे दोघेही क्वचितच दिसतात. मूळ रहिवाशांना बहुधा खलनायक म्हणून उभे करण्यात आले, प्रत्यक्षात भूमी गमावली ती त्यांनी. अॅरिझोनातील टूम्बस्टोन गावी २६ ऑक्टोबर १८८१ रोजी झालेली प्रसिद्ध चकमक अर्ध्या मिनिटात संपली आणि तीन जण ठार झाले. गावात शस्त्र बाळगून फिरण्यास बंदी होती आणि त्या नियमाची अंमलबजावणी हेच चकमकीचे निमित्त ठरले. म्हणजे खऱ्या पश्चिमेत शस्त्रबंदीचे नियम होते. पडद्यावरचे कायदाहीन गाव ही बरीचशी कल्पनेची निर्मिती आहे.

ती कल्पना असल्यामुळेच अन्य देशांतही सहज रुजली. अकिरा कुरोसावा यांच्या 'सेव्हन सामुराय' (१९५४) वरून हॉलिवूडने १९६० मध्ये 'द मॅग्निफिसंट सेव्हन' बेतला. १९७५ च्या 'शोले'ने हेच सूत्र रामगढला आणले. त्यातील रेल्वेवरील दरोड्याचे गाजलेले दृश्य मुंबई-पुणे लोहमार्गावर पनवेलनजीक चित्रित झाले. वेस्टर्नपटाचा मूळ प्रश्नही त्याच्यासोबत आला. रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणे सेन्सॉर मंडळाला मान्य झाले नाही आणि पडद्यावर ऐन वेळी पोलीस अवतरले. मूळ शेवट असलेली आवृत्ती २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे दाखवण्यात आली.

ज्यांनी हे चित्रपट कधी पाहिले नाहीत, त्यांनी 'हाय नून' आणि 'रिओ ब्राव्हो' याच क्रमाने पाहावेत. दोन्ही मिळून चार तासही लागत नाहीत. विल केन दार ठोठावतो तेव्हा आपण ते उघडले असते का, हा प्रश्न मात्र त्यानंतर बराच काळ सोबत राहतो.