चांदीपचा सातबारा कोण बदलू शकतो?

विरारच्या पूर्वेला, वसई तालुक्यात चांदीप हे गाव आहे. तिथल्या एखाद्या जमिनीचा सातबारा पाहायचा तर मोबाईलवर महाभूलेख हे संकेतस्थळ उघडावं, जिल्हा, तालुका, गाव निवडावं, सर्व्हे नंबर टाकावा. उतारा समोर येतो. तो आगाशीत राहणारा माणूस पाहू शकतो, तसा दूरच्या शहरात नोकरी करणारा वारसही पाहू शकतो. पण त्यावरचं नाव बदलण्यासाठी फेरफाराची नोंद घालायची ती त्या सजाच्या, म्हणजे तलाठ्याकडे सोपवलेल्या गावांच्या गटाच्या, तलाठ्यानंच (आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), आणि ती मंजूर करायची मंडळ अधिकाऱ्यानं. पाहायला सगळ्यांना मोकळीक आणि लिहायला मोजक्यांना परवानगी, असा भेद संगणकात पाळायचा कसा, हा माहितीशास्त्रातला महत्त्वाचा प्रश्न आहे. जमिनीच्या कागदांवर माणसांची आयुष्यं अवलंबून असतात, म्हणून तो केवळ प्रोग्रॅमर मंडळींवर सोडून देण्यासारखा नाही.

कागदाच्या जमान्यात ही व्यवस्था आपोआप होत होती. सजाचं दप्तर त्या सजाच्या तलाठ्याकडे असे. दुसऱ्या सजाच्या तलाठ्याला चांदीपच्या पानावर खाडाखोड करायची तर आधी ते दप्तर हाती लागायला हवं. भिंत होती ती कपाटाची आणि अंतराची. आज राज्यात अडीच कोटींहून अधिक सातबारे आहेत आणि सगळे संगणकावर आले आहेत. असे उतारे एकाच मोठ्या तक्त्यात ठेवले आहेत असं समजा. प्रत्येक नोंद म्हणजे एक ओळ. चांदीपची ओळ आणि आगाशीची ओळ खेटून बसतील आणि त्यांच्यात फरक राहील तो फक्त एका रकान्याचा, गावाच्या सांकेतांकाचा. नव्या नमुन्याच्या सातबाऱ्यावर गावाच्या नावाशेजारी तो छापलेला असतो. कपाटाची भिंत गेली. आता ती नियमानंच उभारावी लागते.

डेटाबेसमधली जुनी परवानगी तक्त्यापुरती असते. या तक्त्यात अमक्याला लिहिता येईल किंवा येणार नाही, एवढंच ती सांगते. तलाठ्याला लिहू दिलं तर तो सगळ्या गावांच्या ओळींवर लिहू शकणार, नाही दिलं तर स्वतःच्या गावाचंही काम अडणार. यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे प्रत्येक स्क्रीनच्या प्रोग्रॅममध्ये ‘फक्त याच सजाची गावं’ अशी अट घालणं. पण स्क्रीन शंभर असतात, त्या लिहिणारे हात वेगवेगळे असतात, आणि एखाद्या घाईत बनवलेल्या अहवालात ती अट राहून जाते.

मालमत्तेच्या कागदांपुरतं बोलायचं तर अमेरिकेतलं उदाहरण अंगावर काटा आणणारं आहे. घरांच्या मालकी हक्काचा विमा उतरवणाऱ्या ‘फर्स्ट अमेरिकन’ या कंपनीच्या संकेतस्थळावर लिंकमधला दस्ताचा क्रमांक बदलला की दुसऱ्याचे कागद उघडत होते. हे २०१९ मध्ये उजेडात आलं. बँक खात्यांच्या तपशिलासह सुमारे ८८ कोटी ५० लाख नोंदी अशा उघड्या पडल्या होत्या. ‘हा कागद मागणारा कोण?’ हा प्रश्न वाटेत कुठेच विचारला जात नव्हता.

तो प्रश्न डेटाबेसनंच विचारावा, ही कल्पना तशी जुनी आहे. मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी १९७४ मध्ये बर्कलीच्या ‘इंग्रेस’ या डेटाबेससाठी ती मांडली. वापरणाऱ्यानं काहीही विचारलं तरी डेटाबेसनं त्या प्रश्नाला परवानगीची अट स्वतःहून जोडायची आणि मगच उत्तर द्यायचं. ओरॅकलनं १९९९ च्या सुमारास ही सोय बाजारात आणली. इंग्रेसच्याच घराण्यातल्या, फुकट मिळणाऱ्या ‘पोस्टग्रेस’मध्ये ती २०१६ च्या सुरुवातीला आली. तिला रो लेव्हल सिक्युरिटी म्हणतात, म्हणजे ओळीओळीची राखण.

ती चालते कशी, हे आपल्या चांदीपवरूनच पाहू. तक्त्यावर एक पॉलिसी लावायची: ओळीतलं गाव ज्या सजात येतं, तो सजा आज या अधिकाऱ्याकडे असेल तरच ओळ हाती द्यावी. आता तलाठ्यानं ‘सगळ्या नोंदी दाखव’ असं म्हटलं तरी डेटाबेस मनातल्या मनात ‘तुझ्या सजाच्या’ हे शब्द घालतो. कोणता सजा कोणाकडे, हे वेगळ्या छोट्या तक्त्यात असतं, आणि त्यात ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असे दोन रकाने ठेवायचे. महसूल खात्यात बदल्या होतात, शेजारच्या सजाचा अतिरिक्त कार्यभार येतो. बदली झाली की एका ओळीत शेवटची तारीख पडते, अतिरिक्त कार्यभार आला की एक ओळ वाढते. प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही. मला या सगळ्या रचनेतला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

वाचण्याची अट आणि लिहिण्याची अट मात्र वेगळ्या ठेवाव्या लागतात. पोस्टग्रेसमध्ये पहिलीला ‘यूझिंग’ म्हणतात, दुसरीला ‘विथ चेक’. पहिली अट आधीपासून असलेली ओळ तपासते, दुसरी लिहिली जाणारी नवी ओळ तपासते. दुसरी ढिली राहिली तर स्वतःच्या गावची ओळ घेऊन तिचा गाव-सांकेतांक बदलून ती दुसऱ्या गावात ढकलता येईल. फेरफाराच्या टप्प्यांनाही हीच युक्ती लागू पडते. नोंद घातली की हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. म्हणून अटीत सजासोबत नोंदीची स्थितीही घ्यायची: प्रमाणित झालेली ओळ तलाठ्याच्या हातून बदलताच येऊ नये. पुढे लेखनप्रमाद सापडला तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ ची वाट आहे, आणि ती तहसीलदाराकडून जाते.

पण पॉलिसी लावली म्हणून निर्धास्त होता येत नाही. तक्त्याचा मालक आणि सुपरयूझर, म्हणजे डेटाबेसचे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, यांना ती लागू होत नाही. मालकाला वेगळी सक्ती करून नियमात आणता येतं, सुपरयूझरला तेही नाही. त्यामुळे रोजचा प्रोग्रॅम मालकाच्या लॉगिननं चालवणं म्हणजे राखणदार नेमून मागचं दार उघडं टाकणं. दुसरा धोका जोडणीचा. वेबवरचा प्रोग्रॅम डेटाबेसशी मोजक्या जोडण्या ठेवतो आणि त्याच आळीपाळीनं सगळ्यांसाठी वापरतो. ‘आता अमुक अधिकारी बोलतो आहे’ हे प्रत्येक व्यवहाराआधी सांगावं लागतं आणि संपल्यावर पुसावं लागतं. पुसायचं राहिलं तर पुढच्या माणसाला आधीच्या माणसाचे अधिकार मिळतात, आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

तिसरा धोका जास्त सूक्ष्म आहे. न दिसणाऱ्या ओळीबद्दल कुणी असा प्रश्न रचला, की तिच्यातली रक्कम ठरावीक आकड्याएवढी असेल तर शून्यानं भागाकार होऊन गणित मोडेल. डेटाबेसनं त्याची अट आधी आणि राखणीची अट नंतर तपासली, तर ओळ न दाखवताही चूक झाल्याचा संदेश आकडा फोडतो. म्हणून पोस्टग्रेस राखणीची अट आधी तपासतो, आणि ज्यातून काही गळत नाही अशी खूणगाठ असलेल्या क्रियांनाच त्याआधी चालू देतो.

याहून वेगळी एक अडचण मला नागरिकाच्या बाजूनं महत्त्वाची वाटते. परवानगी नसलेली ओळ मागितली तर डेटाबेस बहुधा ‘परवानगी नाही’ असं सांगत नाही, गप्प शून्य ओळी देतो. गुपित राखायचं असेल तिथे हे योग्यच. पण चांदीपचा खातेदार चुकीच्या कार्यालयात गेला आणि खिडकीमागच्या स्क्रीनवर रिकामा तक्ता आला, तर त्याला ‘तुमची नोंदच नाही’ असं ऐकावं लागेल. वारसनोंदीसाठी खेटे घालणाऱ्या माणसासाठी या तीन शब्दांचा अर्थ फार मोठा होतो. सातबारा सार्वजनिक आहे, तो अस्तित्वात आहे हे लपवण्याचं काहीच कारण नाही. म्हणून अशा तक्त्यांवर वाचण्याची अट सैल, लिहिण्याची घट्ट ठेवावी, आणि दुसऱ्या सजाच्या ओळीवर लिहू पाहणाऱ्याला स्क्रीननं स्पष्ट सांगावं: नोंद आहे, ती तुमच्या अखत्यारीत नाही, अमुक सजाकडे पाठवा.